मेरुरज्जू आणि हालचाल : प्रयोगशाळेपासून जालन्याच्या रोलिंग मिलपर्यंत

प्रस्तावना

जालन्याची औद्योगिक वसाहत महाराष्ट्रात दोन गोष्टींसाठी ओळखली जाते. एक म्हणजे संकरित बियाणे आणि दुसरी म्हणजे लोखंडी सळई. भंगार वितळवून त्याचे बिलेट करायचे, ते भट्टीत हजार अंश सेल्सियसच्या वर तापवायचे आणि रोलच्या खाचांमधून पुन्हापुन्हा काढून त्याची सळई ओढायची, असे या धंद्याचे थोडक्यात स्वरूप आहे. अलीकडच्या मिलमध्ये बरीचशी कामे यंत्रे करतात. जुन्या पद्धतीच्या मिलमध्ये मात्र रोलमधून सापासारखे सळसळत बाहेर येणारे लालभडक लोखंड कामगार चिमट्याने पकडतो, कमरेतून वळतो आणि त्याचे टोक पुढच्या खाचेत घालतो. काही सेकंदांनी पुन्हा तेच. पाऊल कुठे टाकायचे, गुडघा किती वाकवायचा, कंबर किती फिरवायची याचा तो विचार करीत नाही. विचार करीत बसला तर काम होणार नाही.

हा विचार तो करीत नसेल तर कोण करते, या प्रश्नाने शरीरक्रियाशास्त्राला सुमारे पावणेदोनशे वर्षे कामाला लावले आहे. त्याच्या उत्तराचा मोठा भाग मेंदूत नसून पाठीच्या कण्यातील मेरुरज्जूत सापडतो. आपल्या पाठ्यपुस्तकांत मेरुरज्जूचे वर्णन बहुधा ‘मेंदू आणि शरीर यांना जोडणारा दुवा’ एवढ्यावर संपते. त्यामुळे मेरुरज्जू म्हणजे टेलिफोनची जाड तार, अशी समजूत विद्यार्थ्यांच्या आणि पुढे समाजाच्याही मनात घट्ट बसते. ही समजूत अपुरी आहे, आणि ज्या घरात कोणी उंचावरून पडून अधू झाला आहे त्या घरात ती फार महाग पडते. प्रयोगशाळांत या विषयाचे काम कसे झाले आणि त्याचा कारखान्यातील व घरातील व्यवहाराशी काय संबंध आहे, हे सांगण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

रचना

प्रौढ माणसाचा मेरुरज्जू सुमारे ४५ सेंटिमीटर लांब, करंगळीएवढा जाड आणि वजनाने जेमतेम ३० ते ३५ ग्रॅम असतो. त्यातून चेतांच्या ३१ जोड्या निघतात. पुढच्या मुळांतून स्नायूंकडे आज्ञा जातात आणि मागच्या मुळांतून संवेदना आत येतात, हा श्रमविभाग चार्ल्स बेल (१८११) आणि फ्रान्स्वा माजाँदी (१८२२) यांच्या प्रयोगांतून स्पष्ट झाला. आडवा छेद घेतला तर मध्यभागी फुलपाखराच्या आकाराचा करडा भाग दिसतो. चेतापेशी तेथे असतात. सभोवतालच्या पांढऱ्या भागात वरखाली जाणारे तंतू असतात. म्हणजे तारा आहेतच, पण तारांच्या मधोमध एक पूर्ण वस्ती आहे.

जाता जाता एक गोष्ट सांगायला हवी. मेरुरज्जू पाठीच्या कण्याच्या पूर्ण लांबीचा नसतो. तो कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. सिझेरियनच्या वेळी कमरेत दिले जाणारे भुलीचे इंजेक्शन त्याच्याही खाली देतात. ‘मणक्यात सुई दिली की माणूस लुळा पडतो’ ही आपल्याकडची भीती शरीररचनेचा हा एक तपशील माहीत नसल्यामुळे टिकून आहे.

बेडूक आणि काजळीचा ड्रम

ज्यांनी गेल्या पिढीत वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीरक्रियाशास्त्र विभागात प्रात्यक्षिके केली त्यांना कायमोग्राफ आठवत असेल. कार्ल लुडविग याने १८४७ मध्ये तयार केलेले हे यंत्र आपल्याकडे दीड शतकाहून अधिक काळानंतरही वापरात होते. चकचकीत कागद ड्रमवर गुंडाळायचा, धुरकट ज्योतीवर फिरवून त्याला एकसारखी काजळी चढवायची, बेडकाच्या पोटरीचा स्नायू तरफेला बांधायचा आणि चेतेला विजेचा हलका झटका द्यायचा. स्नायू आकुंचन पावला की तरफेचे टोक काजळीवर पांढरी रेघ ओढी. मग तो कागद जपून सोडवून लाखेच्या व्हार्निशमधून काढायचा आणि वाळत घालायचा. बोटांची आणि ॲप्रनची काजळी दोन दिवस जात नसे. निम्म्या विद्यार्थ्यांचा आलेख व्हार्निशच्या आधीच बोट लागून पुसला जाई.

याच प्रयोगशाळेत ‘मेरु-बेडूक’ दाखवला जाई. बेडकाचा मेंदू सुईने नष्ट करून मेरुरज्जू तसाच ठेवायचा आणि त्याला आकड्याला टांगायचे. थोडा वेळ तो निर्जीव लोंबकळतो. मग सौम्य ॲसिडमध्ये बुडवलेला कागदाचा कपटा त्याच्या पाठीवर ठेवला की मागचा पाय उचलला जातो, नेमक्या त्या जागी पोहोचतो आणि कपटा पुसून टाकतो. पाहणाऱ्या विद्यार्थ्यांत क्षणभर शांतता पसरे. डोके नसलेल्या प्राण्याला कपटा कुठे आहे हे कळले कसे?

हा प्रश्न नवा नाही. एडुआर्ड फ्ल्यूगर याने १८५३ मध्ये दाखवले की, ज्या पायाने बेडूक पुसतो तो पाय निकामी केल्यास तो दुसरा पाय वापरून पाहतो. यावरून मेरुरज्जूला जाणीव आहे काय, असा वाद जर्मन विद्वानांत बराच काळ रंगला. तो वाद आज मागे पडला असला तरी निरीक्षण खरेच होते. १९८० मध्ये मॉस्कोच्या संशोधकांनी त्यात भर घातली. कपटा बेडकाच्या पुढच्या पायावर ठेवला आणि तो पाय वेगवेगळ्या स्थितीत धरला, तरी मागचा पाय बरोबर तेथेच पोहोचतो. शरीराचा कोणता अवयव या क्षणी कोठे आहे याचा हिशेब मेरुरज्जू स्वतः ठेवतो, असा त्याचा अर्थ.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ मध्ये प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमातील विच्छेदन थांबवण्याचे निर्देश दिले आणि वैद्यकीय महाविद्यालयांतही संगणकावरील प्रात्यक्षिके आली. एका अर्थाने हे योग्यच झाले. वर्षानुवर्षे तोच प्रयोग दाखवण्यासाठी इतके बेडूक मारण्याचे समर्थन करता येत नाही. तथापि पडद्यावरचा बेडूक नेहमी बरोबरच वागतो, आणि प्रयोग फसल्यावर जे शिकायला मिळते ते पडदा शिकवीत नाही, असे लेखकाचे मत आहे.

प्रतिक्षिप्त क्रिया आणि तिच्यावरील लगाम

आता पुन्हा मिलमध्ये येऊ. कामगाराच्या बोटाला अनवधानाने तापलेले लोखंड लागले की हात मागे येतो. बोटापासून मानेच्या मेरुरज्जूपर्यंतचे अंतर पाऊण मीटर धरले आणि जलद वेदना वाहणाऱ्या तंतूंचा वेग सेकंदाला १५ मीटर धरला, तर संदेश पोहोचायला एका सेकंदाचा विसावा भाग लागतो. परतीचा तंतू जाड असल्याने तो मार्ग याहून लवकर कापला जातो. म्हणजे एक दशांश सेकंदाच्या आत स्नायू आकुंचन पावू लागतो आणि ‘भाजले’ ही जाणीव त्याच्या मागून येते. शेतात अनवाणी चालताना बाभळीचा काटा रुतला तर तो पाय उचलला जातो आणि त्याच क्षणी दुसरा पाय ताठ होऊन सगळा भार पेलतो. तसे झाले नसते तर प्रत्येक काट्यासरशी माणूस तोंडघशी पडला असता. ही जुळणीही मेरुरज्जूतच होते.

पण याच माणसाच्या घरी चुलीवरून उकळत्या दुधाचे पातेले उतरवताना चटका बसला तर गृहिणी ते हातातून सोडत नाही. दात-ओठ खाऊन खाली ठेवते आणि मगच हात झटकते. मेंदूतून खाली येणारे तंतू प्रतिक्षिप्त क्रियेला लगाम घालतात म्हणून हे शक्य होते. मेरुरज्जूकडे हालचालींचा संच तयार असतो. मेंदू त्यातील काही सुरू करतो, काही रोखतो, काहींना वळण देतो. या व्यवस्थेचे सविस्तर विवेचन चार्ल्स शेरिंग्टन यांनी १९०६ मधील आपल्या प्रसिद्ध ग्रंथात केले आणि १९३२ मध्ये त्यांना एडगर एड्रियन यांच्याबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले. वरून येवो वा बाजूने येवो, प्रत्येक आज्ञेला शेवटी मेरुरज्जूतील त्याच प्रेरक चेतापेशीतून स्नायूपर्यंत जावे लागते. तिला त्यांनी ‘अंतिम समान मार्ग’ म्हटले.

चालीचा ताल

शेरिंग्टन यांच्या काळात चालणे म्हणजे प्रतिक्षिप्त क्रियांची साखळी, अशी कल्पना होती : एक पाऊल पडले की त्याची संवेदना पुढचे पाऊल उचलवते. टॉमस ग्रॅहम ब्राऊन या तरुण संशोधकाने १९११ मध्ये मांजरावरील प्रयोगांतून तिला धक्का दिला. मेरुरज्जू मेंदूपासून तोडला आणि पायांकडून येणाऱ्या संवेदनांची मुळेही कापली, तरी मागच्या पायांच्या स्नायूंत चालीचा आलटूनपालटून ताल उमटला. त्याने असे सुचवले की, पाय वाकवणारे आणि पाय ताठ करणारे अशी दोन अर्धकेंद्रे मेरुरज्जूत आहेत व ती एकमेकांना दाबतात.

एका उखळात दोघी जणी दोन मुसळांनी कांडतात तो ताल ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे चटकन कळेल. एकीचे मुसळ खाली असताना दुसरीला ते वर ठेवावेच लागते; पहिलीचे वर गेले की दुसरीचे खाली येते. बाहेरून कोणी टाळ्या वाजवून ताल धरण्याची गरज नसते. ग्रॅहम ब्राऊनच्या कल्पनेकडे पुढची जवळजवळ पन्नास वर्षे फारसे कोणी लक्ष दिले नाही, ही विज्ञानाच्या इतिहासातील एक खेदाची बाब होय. १९६० च्या दशकात स्वीडनमध्ये आंडेर्स लुंडबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती पुन्हा उचलली. १९६६ मध्ये मॉस्कोत शिक, सेवेरिन आणि ओर्लोव्स्की यांनी मांजराच्या मध्यमेंदूतील एका लहानशा जागी विजेचे स्पंद दिले. स्पंद वाढवले की मांजर चालीवरून दुडक्या चालीवर आणि तेथून भरधाव धावण्यावर जाई. वरून येणारी आज्ञा साधी होती, ‘अधिक’ किंवा ‘कमी’. पायांचा तपशील खालीच ठरत होता. स्टेन ग्रिल्नर यांनी लॅम्प्री या जबडाविरहित जलचरात अशा जालातील पेशी एकेक करून ओळखल्या आणि २००८ मध्ये त्यांना कावली पारितोषिकात वाटा मिळाला.

घोड्यांच्या बाजारात ज्यांचे जाणे-येणे आहे, उदाहरणार्थ नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या यात्रेत, त्यांना रहवाल चालीचे मोल सांगायला नको. स्वार हलत नाही अशी ती मऊ चाल शिकवून येते की रक्तातून, यावर तेथे वाद झडतात. २०१२ मध्ये स्वीडिश संशोधकांनी आइसलँडच्या घोड्यांत दाखवले की, एकाच बाजूचे दोन्ही पाय बरोबर टाकण्याची चाल डीएमआरटी-३ या जनुकातील एका बदलाशी निगडित आहे, आणि हे जनुक मेरुरज्जूतील काही मोजक्या सहयोगी चेतापेशींत कार्य करते. उंदरांतून ते काढून टाकल्यावर त्यांच्या पायांची जुळणीही बिघडली. चालीचा कल काही अंशी मेरुरज्जूच्या बांधणीतच असतो, हे त्यामुळे निर्विवाद झाले.

आजची प्रयोगशाळा

आज अशा प्रयोगशाळेत गेल्यास काजळी दिसत नाही. दिसतात त्या काचेच्या टाक्यांच्या रांगा. त्यांतील झेब्राफिश हा मासा मूळचा आपल्याच गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला. त्याचे शास्त्रीय वर्णन हॅमिल्टन याने १८२२ मध्ये केले. टाकीचे पाणी २८ अंशांच्या आसपास राखायचे, चौदा तास उजेड आणि दहा तास अंधार द्यायचा, दिवे लागताच माद्यांनी सोडलेली अंडी गोळा करायची आणि मेलेली अंडी निवडून फेकायची, असा दिवस सुरू होतो. सुट्टीच्या दिवशीही कोणाला तरी माशांना खाऊ घालायला यावेच लागते. अंडे फलित झाल्यावर सतरा-अठरा तासांत पारदर्शक गर्भ शेपटी वळवू लागतो, आणि मेंदूकडचा भाग वेगळा केला तरी ते वळणे चालूच राहते. पाच दिवसांचे पिल्लू चार मिलिमीटर लांब असते. त्याच्या मेरुरज्जूतील एका पेशीला सुमारे एक मायक्रॉन टोकाची काचेची नळी लावून विजेची नोंद घ्यायची, यात संशोधक विद्यार्थ्याची सबंध दुपार जाते. दहांतले सात-आठ प्रयत्न फुकट गेले तरी तो दिवस वाईट गेला असे कोणी म्हणत नाही.

या माशाचे आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे त्याचा मेरुरज्जू तोडला तरी सहा ते आठ आठवड्यांत जुळतो आणि तो पुन्हा पोहू लागतो. जखमेच्या दोन टोकांमध्ये आधारपेशी पूल बांधतात व त्यावरून चेतातंतू पलीकडे जातात. त्यात एक विशिष्ट प्रथिन कळीचे असल्याचे २०१६ मध्ये अमेरिकेत दाखवले गेले. त्याच कुळातील प्रथिनाचा मणक्यांमधील चकतीच्या पुनर्निर्मितीशी असलेला संबंध पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील संशोधकांनी २०२३ मध्ये याच माशात मांडला. माणसाच्या मेरुरज्जूत असा पूल बांधला जात नाही. तेथे जखमेचा व्रण राहतो.

दुखापत : पहिली काही मिनिटे

मेरुरज्जूच्या दुखापतीची दोन प्रमुख कारणे म्हणजे उंचावरून पडणे आणि रस्त्यावरील अपघात. औद्योगिक वसाहतीत दोन्ही आहेत : शेडच्या पत्र्यावरून पडणे, अंगावर माल कोसळणे, पाळी संपवून रात्री दुचाकीवरून परतणे. मणका मोडला म्हणजे मेरुरज्जू तुटलाच असे नसते. बऱ्याचदा तो दबलेला किंवा अर्धवट इजा झालेला असतो, आणि उरलेले तंतू वाचतात की जातात हे पुढच्या हाताळणीवर बरेचसे अवलंबून राहते.

येथे आपली माणुसकीच आपल्यावर उलटते. माणूस पडला की चार जण धावतात, काखेत हात घालून त्याला बसवतात, तोंडाला पाणी लावतात आणि हातापायांना धरून रिक्षात किंवा जीपमध्ये कोंबतात. मोडलेला मणका प्रत्येक हिसक्याने आत सरकतो. करायचे ते याच्या उलट आहे. मोठी आग किंवा कोसळणारा माल असे संकट नसेल तर त्याला आहे त्या जागी, आहे त्या स्थितीत राहू द्यावे. हातापायांची बोटे हलतात का, स्पर्श कळतो का, एवढे विचारावे. एकाने दोन्ही हातांनी डोके व मान स्थिर धरावी. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ही सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे. हलवणे भागच पडले तर डोके, खांदे, कंबर आणि पाय एका रेषेत ठेवून चार-पाच जणांनी एकाच वेळी ओंडक्यासारखे कुशीवर वळवावे, खाली सपाट फळी सरकवावी आणि त्यावर पाठीवर निजवावे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने दर १५० कामगारांमागे प्रथमोपचाराची एक पेटी ठेवण्याचे बंधन घातले. पेटीत पट्ट्या आणि औषधे मावतात, माणसाच्या लांबीची फळी मावत नाही. ती भिंतीला वेगळी टांगावी लागते.

पाय हलला, पण कोणी हलवला?

दुखापतीनंतर लगेच इजेच्या खालचा भाग पूर्ण ढिला पडतो, प्रतिक्षिप्त क्रियाही थांबतात. याला मेरु-आघात म्हणतात. काही आठवड्यांनी मात्र त्या क्रिया परततात, आणि वरचा लगाम तुटलेला असल्याने जोराने परततात. अंगावरचे पांघरूण ओढले, तळपायाला हात लागला, की गुडघा झटक्याने वर येतो. घरात आनंद होतो; नातेवाइकांना फोन जातात. रुग्ण मात्र ‘मी हलवला नाही’ असे सांगत असतो आणि त्याचे कोणी ऐकत नाही.

मेंदू गमावलेल्या बेडकाचा पाय जसा कपट्याकडे गेला तसाच हा पाय हलला आहे. मेरुरज्जू म्हणजे केवळ तार, असे मानणाऱ्याला याचा एकच अर्थ लागतो : तार जुळू लागली. नेमक्या याच आठवड्यांत कोणी काढा देतो, कोणी अंगाऱ्याचे श्रेय घेतो, तर कोणी मूळपेशींचे इंजेक्शन सुचवतो, आणि हललेला पाय प्रत्येकाच्या बाजूने साक्ष देतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या ठरावीक विकारांखेरीज अन्यत्र मूळपेशींचा वापर केवळ नोंदणीकृत चाचणीतच करता येतो, आणि चाचणीत भाग घेणाऱ्याकडून पैसे घ्यायचे नसतात. या एका नियमावर शेत विकण्याचे कित्येक निर्णय थांबू शकतील.

खरी सुधारणा ओळखण्याची कसोटी साधी आहे. रुग्णाला डोळे मिटायला सांगून ‘अंगठा वर कर’ म्हणावे. सांगितल्यावर हलला आणि थांब म्हटल्यावर थांबला, तर ती आज्ञा वरून आली. गुदद्वाराभोवती स्पर्श कळणे किंवा ते इच्छेने आवळता येणे हीही फार महत्त्वाची खूण आहे, आणि संकोचामुळे घरचे लोक तिच्याविषयी डॉक्टरांना विचारतच नाहीत.

आशा कोठे आहे

झटक्याने हललेला पाय बरे होण्याची खूण नसला तरी तो एक गोष्ट सांगतो : इजेखालचा मेरुरज्जू जिवंत आहे. आजचे संशोधन याच पायावर उभे आहे. अमेरिकेतील लुइव्हिल येथे २०११ मध्ये एका तरुणाच्या कमरेच्या मेरुरज्जूवर विद्युत्-पट्टी बसवून त्याला आधार घेऊन उभे करण्यात यश आले. विशेष म्हणजे पट्टी सुरू असताना त्याला पायाच्या काही हालचाली इच्छेनेही करता येऊ लागल्या. स्वित्झर्लंडमधील लोझान येथे २०१८ मध्ये तीन जणांत चालीच्या तालाशी जुळवलेले स्पंद देण्यात आले. २०२३ मध्ये तेथेच एका रुग्णाच्या मेंदूतील संकेत टिपून, बिनतारी मार्गाने, इजेखालच्या पट्टीपर्यंत पोहोचवण्यात आले. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२४ मध्ये मानेच्या अर्धवट इजेनंतर हातांच्या हालचालींसाठी त्वचेवरून स्पंद देणाऱ्या एका उपकरणाला मान्यता दिली. या सर्वांत महिनोन्‌महिने व्यायाम अनिवार्य असतो. पट्टी चालवीत नाही. ती झोपलेल्या जालाला जागे ठेवते.

तोपर्यंतचा काळ रुग्णाने कसा काढायचा, हे शस्त्रक्रियेपेक्षा शुश्रूषेचे काम आहे. दुसऱ्या महायुद्धापर्यंत असे रुग्ण बहुधा शय्याव्रण आणि मूत्रमार्गाचा संसर्ग यांनीच दगावत. लुडविग गटमन यांनी १९४४ पासून इंग्लंडमधील स्टोक मँडव्हिल येथे दर दोन तासांनी कूस बदलण्याचा कडक नियम घातला, मूत्राशयाची निगा शिकवली आणि रुग्णांना खेळायला लावले. तेथील १९४८ च्या स्पर्धांतून पुढे पॅरालिंपिक उभे राहिले. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर हे सैनिक १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झाले; १९७२ मध्ये हायडेलबर्ग येथे त्यांनी ५० मीटर पोहण्यात भारताला पॅरालिंपिकमधील पहिले वैयक्तिक सुवर्णपदक मिळवून दिले. पुण्यात खडकीला १९७४ पासून अशा सैनिकांसाठी स्वतंत्र पुनर्वसन केंद्र आहे. कामगारांसाठी मराठवाड्यात तसे केंद्र हवे, ही मागणी अवास्तव म्हणता येणार नाही.

घरी मात्र केंद्राची वाट न पाहता करण्यासारखे बरेच असते. टाच, माकडहाड आणि खुब्याची हाडे रोज उजेडात पाहावी. लालसर डाग दिसला तर त्या बाजूवर निजवू नये. बाजेच्या सुंभाचे वळ उठतात म्हणून जाड गादी घालावी. घोटा, गुडघा आणि खुबा दिवसातून दोन वेळा हलक्या हाताने पूर्ण वाकवावा व सरळ करावा. झटका आला तर जोर न लावता थांबावे. सांधा एकदा वाकडा आखडला की पुढे पायांत ताल आला तरी पाऊल जमिनीला टेकत नाही, आणि अशा रुग्णाला वरील चाचण्यांत सहसा घेतले जात नाही.